सरवा वेचणारीचं नाव

पुणे,
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय पुष्पाताई,

तू फोन उचलत नाहीस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता अंगठा दाखवतेस, म्हणून शेवटी कागद घेतला. लहानपणी मी खामगावहून तुला पत्र लिहायला बसले की आई म्हणायची, "लिही, मावशीची पुष्पी उत्तर देईलच. निदान भांडायला तरी देईल."

मला नवं काम मिळालंय. अभ्यासाची पुस्तकं, म्हणजे तुझ्यासारखे प्राध्यापक वर्षानुवर्षं खपून लिहितात आणि मग कुठल्यातरी कपाटात कुलपात पडतात ती, सगळ्यांना फुकट वाचता यावीत म्हणून कोणत्या देशानं काय धोरण ठरवलं, याचा अभ्यास. ब्रिटन, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स आणि आपण. दिवसभर नियम वाचते आणि रात्री स्वप्नात कलमं येतात.

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. 'ओपन अ‍ॅक्सेस'ला बरा मराठी शब्द सुचव. आमचे संचालक 'मुक्त प्रवेश' म्हणतात, मला ते अकरावीच्या प्रवेशासारखं वाटतं. आणि तुझं पुस्तक पाठव. पीक निघाल्यावर शेतात मागे राहिलेले दाणे वेचायचा बायांचा हक्क, म्हणजे आपला सरवा, यावर माझ्या मावसबहिणीनं इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि परदेशी प्रकाशकानं तो छापला, हे मी इथं मिरवत असते. पण पुण्यातल्या एकाही ग्रंथालयात मला तो मिळाला नाही.

तुझी,
अनू


जळगाव जामोद,
२ मार्च २०२५

अनू,

माझं पुस्तक मागतेस? रांगेत उभी राहा. तुझ्यापुढे मी आहे.

मला दोन प्रती मिळाल्या. एक मार्गदर्शकांकडे गेली ती गेलीच. दुसरी माझ्या टेबलावर आहे. तिसरी विकत घ्यावी म्हटलं तर किंमत पाहून नवरा म्हणाला, यात चांगली दुभती म्हैस येईल, आणि ती दूध तरी देईल. संशोधन सरकारी शिष्यवृत्तीवर केलं. गावच्या बायांनी हरभऱ्याचे घाटे सोलता सोलता, शेत निंदता निंदता मला सगळं सांगितलं, एकीनंही पैसा मागितला नाही. आणि करारावर सही केली तेव्हा मी चहा पीत होते. 'सर्व भाषांतील, सर्व स्वरूपांतील, सर्व हक्क' असं लिहिलं होतं. मला वाटलं, लग्नपत्रिकेत 'सहकुटुंब सहपरिवार' छापतात तसलंच काहीतरी असेल.

आता गावाचं ऐक. तानुबाई तुला आठवेल, उन्हाळ्यात आपल्याला चिंचा द्यायची. माझ्या पुस्तकातली पहिली मुलाखत तिची. गेल्या महिन्यात गावातल्या कुलदीपनं आपल्या शेतातला हरभरा हार्वेस्टरनं काढला. मशीनच्या मागे घाटे पडलेले असतात, तानुबाई ओटी खोचून आत शिरली. कुलदीपनं तिचा व्हिडिओ काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'चोर सापडली'. नावासकट.

मी त्याला विचारायला गेले. म्हणतो, "सोंगनी मशीननं केली, मॅडम. तुमच्या बायायनं सोंगलं नाही, मंग सरवा कायचा?"

कापणी बायांनी केली नाही तर सरवाही त्यांचा नाही, हे म्हणणं त्याचं एकट्याचं नाही. हार्वेस्टर ज्या ज्या गावात गेलं तिथं तिथं हेच ऐकू येतंय. पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क एका मशीनच्या धुरात गेला आणि बाया रातोरात चोर झाल्या.

तंटामुक्ती समितीनं ठरवलंय की पाडव्यानंतर मारुतीच्या पारावर तानुबाईनं माफी मागायची. अध्यक्ष कोण, तर शंकरराव, कुलदीपचे सख्खे काका. मी त्यांना म्हटलं, अहो, सरवा कोणाचा हे तुमच्या वडिलांनीच मला सांगितलंय. शेषरावांची मुलाखत आहे माझ्याकडे. तर म्हणतात, "बाप जाऊन किती वर्सं झाली. तोंडी त कोनीबी कोनाचंबी नाव घेते, मॅडम. छापील असन त दाखवा."

छापील आहे! पुस्तकाच्या परिशिष्टात सगळ्यांच्या मुलाखती आहेत, वऱ्हाडीत, जशाच्या तशा. पान माझ्यासमोर उघडं आहे. पारावर ते एक पान दाखवीन मी. पण बाकीच्या गावांचं काय? प्रत्येक पारावर मी एकच पुस्तक घेऊन हिंडू का? प्रकाशकाला लिहिलं, परिशिष्ट तरी वाटू द्या. उत्तर आलं, 'आपली विनंती नोंदवली आहे.'

सोबत माझ्या कराराची प्रत आहे. तू देशोदेशीचे नियम वाचतेस ना? मग माझंच पुस्तक मला वाटू देईल असा एक देश सांग. तिथली हवा कशीही असो.

पुष्पा


पुणे,
१२ मार्च २०२५

प्रिय ताई,

वाचून फार वाईट वाटलं. तानुबाईला नमस्कार सांग.

तू विचारलंस म्हणून नीट लिहिते. ब्रिटनमध्ये गेल्या वर्षापासून, सरकारी संशोधन निधीतून झालेलं पुस्तक छापल्यापासून वर्षभरात सगळ्यांसाठी खुलं करावं लागतं. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये निधी देणाऱ्या संस्था पुस्तक खुलं करायचा खर्चही उचलतात. नेदरलँड्समध्ये तर कायदाच लेखकाच्या बाजूचा आहे, करारात काहीही लिहिलेलं असो. पण तो छोट्या लेखनापुरता, अख्खा ग्रंथ त्यात बसत नाही. आपल्याकडे शोधनिबंधांबद्दल थोडी धोरणं झाली, पुस्तकांसाठी देशभर लागू होईल असा नियम मला अजून सापडलेला नाही.

म्हणून ताई, हात जोडून सांगते, घाई करू नकोस. एक पान पारावर वाचून दाखव, त्याला कोणी काही म्हणणार नाही. पण अख्खं परिशिष्ट वाटू नकोस. परवानगीची वाट पाहा. वर्षभरात कदाचित प्रकाशक स्वतःच ते खुलं करतील.

आणि एक गंमत. तुझ्या पत्रामुळे मला शब्द मिळाला! प्रकाशक आधी वर्षभर पीक घेतो आणि मग रान सगळ्यांना मोकळं होतं, या ब्रिटिश रीतीला मी अहवालात 'सरवा पद्धत' असं नाव दिलंय. संचालक जाम खूश आहेत. तळटीपेत तुझं नाव घातलंय.

तुझी,
अनू


जळगाव जामोद,
२ एप्रिल २०२५

अनुपमा,

तळटीपेतून माझं नाव काढ. आज काढ.

'सरवा पद्धत'! उंटावरून शेळ्या हाकायची हौस असेल तर खुशाल हाक, पण माझ्या शब्दाला हात लावू नकोस. नांगरलं आम्ही, पेरलं आम्ही, राखण आम्ही केली, आणि वर्षभर धुऱ्या-बांधावर बसून मग पडलेले घाटे वेचायचे तेही आम्हीच? सरवा दुसऱ्याच्या शेतात वेचतात, अनू. स्वतःच्या शेतात सरवा वेचणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात, विसरलीस? येडं म्हणतात. तुझ्या त्या इंग्रजी धोरणाला हे नाव दे.

पारावरचं सांगते. सगळं गाव जमलं होतं. तानुबाई खाली मांडी घालून बसली होती, पदर डोक्यावर, तोंड रागानं आवळलेलं. कुलदीप मोटरसायकलवर टेकून उभा. मी शंकररावांच्या हातात पुस्तक दिलं. त्यांना वाटलं असेल, इंग्रजी आहे, बाई काय वाचते ते वाचू दे. पण मी परिशिष्टातलं शेषरावांचं पान काढून दिलं आणि म्हटलं, तुम्हीच वाचा. त्यांनी चष्मा लावला.

"सरवा मालकानं देल्लेला नसते. सोंगनारा कोनी असो, मानूस असो का बैल असो, मांगं जे राह्यलं ते रानाचं. जो मालक शेत झाडून नेते, त्याच्यावर रान रुसते."

वाचता वाचता शंकररावांचा आवाज त्यांच्या बापासारखा व्हायला लागला. म्हातारी माणसं एकमेकांकडे पाहू लागली. ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले, कोणी सांगितलं नव्हतं तरी. मग पुस्तक मिटून म्हणाले, "कुलदीप, तो व्हिडिओ काढून टाक बे."

"पन काका, मशीननं..."

"आज्यानं सांगतलं ना, मानूस असो का बैल असो. तुही मशीन काय बैलाहून मोठी हाय?"

तानुबाई उठली. लुगडं झटकलं आणि म्हणाली, "मंग आता माफी कोन मांगते?" कुलदीपनं गाडीला किक मारली आणि निघून गेला. व्हिडिओ त्यानं काढून टाकला, पण तो कुठे कुठे पोचला असेल ते देवाला माहीत.

दुसऱ्या दिवसापासून आजूबाजूच्या गावांतल्या बाया माझ्या दारात यायला लागल्या. "मॅडम, ते कागद आमालेबी द्या." मी काय सांगू, विनंती नोंदवली आहे? परिशिष्टाच्या झेरॉक्स काढून वाटल्या आणि अख्खं परिशिष्ट आमच्या कॉलेजच्या वेबसाइटवर टाकलं. हे फक्त तुला सांगते आहे. तिकडे कोणाजवळ बोलू नकोस.

पुष्पा


पुणे,
५ मे २०२५

प्रिय ताई,

तुझा राग अजून उतरला नसेल, पण आज मी तुला खूश करणार आहे. गेल्या आठवड्यात दिल्लीला परिषद होती. सगळे आपापले तक्ते दाखवत होते. मी म्हटलं, तक्ते पुरे, एक पुस्तक खुलं झालं तर काय होतं ते ऐका. आणि पाराची गोष्ट सांगितली. शेवटी टाळ्या थांबेनात.

घाबरू नकोस, तुझं नाव घेतलं नाही. 'एका दूरच्या जिल्ह्यातली प्राध्यापिका' एवढंच म्हटलं. फक्त वेबसाइटवरचं शेषरावांचं पान पडद्यावर दाखवलं, लोकांना वऱ्हाडी ऐकवायची होती म्हणून. तुझ्या प्रकाशकांचे इथले प्रतिनिधीही आले होते, परिषदेला त्यांचंच प्रायोजकत्व होतं. त्यांनी नंतर भेटून फार आपुलकीनं चौकशी केली, पानाचा फोटोही घेतला. मला वाटतं आता तुझ्या परवानगीचं काम हलेल.

तुझी,
अनू


जळगाव जामोद,
२७ जून २०२५

अनुपमा,

हललं. तुझ्या कृपेनं चांगलंच हललं.

पानाच्या डोक्यावर आमच्या कॉलेजचं नाव ठसठशीत छापलेलं आहे, ते तुला दिसलं नाही? डोळे कुठे ठेवले होतेस, टाळ्यांत? कॉलेजला नोटीस आली. 'बेकायदा नक्कल'. परिशिष्ट काढा, वाटलेले कागद परत गोळा करा, संबंधित व्यक्तीकडून लेखी माफी घ्या. संबंधित व्यक्ती म्हणजे मी. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, दोन ओळी लिहून द्या, विषय संपवा." पारावर तानुबाईनं मागायची होती ती माफी आता मी मागायची. तिनं शेतात पडलेलं उचललं म्हणून ती चोर, मी स्वतःचं लिहिलेलं उचललं म्हणून मी चोर. कुलदीपनं निदान स्वतः व्हिडिओ काढला होता. माझा व्हिडिओ माझ्या बहिणीनं काढला आणि वर टाळ्या घेतल्या.

वेबसाइटवरून मी ते काढलंय. माझ्या रागापायी कॉलेजातल्या बाकीच्यांच्या भाकरीवर पाय द्यायचा नाही मला. पण माफी लिहून दिलेली नाही आणि देणारही नाही. कागद गोळा करायला मात्र त्यांनीच यावं. माझ्या मुलाखतींतल्या पंचफुलाबाईकडून एक झेरॉक्स परत घेऊन दाखवावी, मी मानेन.

तुझ्या अहवालाचा पहिला भाग निघाला म्हणे. म्हटलं, आपली बहीण काय लिहिते ते वाचू. उघडायला गेले तर पहिल्यांदा नाव विचारलं. मग संस्था. मग वाचण्याचं कारण. मी लिहिलं, 'राग'. उत्तर आलं, 'कृपया योग्य पर्याय निवडा.' योग्य पर्याय निवडला, तेव्हा म्हणे, तुमची संस्था सभासद नाही.

पुस्तकं सगळ्यांना खुली कशी करावीत, हे सांगणारं पुस्तक कुलपात! आणि कुलूप कोणाचं, तर माझ्याच प्रकाशकाचं. शाब्बास गं बाई.

पुष्पा


पुणे,
८ जुलै २०२५

ताई,

बोलून झालं? आता माझं ऐक.

दिल्लीत मी ते पान दाखवलं ते तुझ्या अभिमानानं. कॉलेजचं नाव माझ्या लक्षात आलं नाही आणि ते आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. पण अहवाल कोणाकडे छापायचा हे मला कोणी विचारलं नाही. मी बोलले तेव्हा संचालक म्हणाले, वर्षभरानं खुला होतोयच की, तूच त्याला छान नाव दिलं आहेस. माझं कंत्राट वर्षावर्षाचं आहे. तू पर्मनंट आहेस, तू कारणाच्या रकान्यात 'राग' लिहू शकतेस. मला योग्य पर्याय निवडावा लागतो.

तुझ्या कराराची प्रत तू मला मार्चमध्ये पाठवली होतीस. काल ती पुन्हा शब्दन्‌शब्द वाचली. त्यांच्याकडे पुस्तक गेलंय, ताई. बायांची तोंडं गेलेली नाहीत. त्यांनी तेव्हा सांगितलेलं तिथं छापून बंद आहे, पण आज त्या नव्यानं बोलल्या आणि तू नव्यानं लिहून घेतलंस, तर त्यावर कोणाचा हक्क येत नाही. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. एका वकिलांना दाखवून मग लिहिते आहे.

अनू


जळगाव जामोद,
२५ ऑगस्ट २०२५

अनू,

तुझं पत्र मी आधी फाडणार होते. मग शेवटचा परिच्छेद वाचला.

आषाढ सरेपर्यंत समाजमंदिरात बसलो. सगळ्या बाया पुन्हा आल्या. पहिल्या वेळी मी प्राध्यापिका होते, त्यांनी सांभाळून सांगितलं होतं. या वेळी शिव्यांसकट सांगितलं. पंचफुलाबाई म्हणते, "मांगच्या खेपेले इंग्रजीत जायाचं होतं, म्हनून म्या चांगलं चांगलंच सांगतलं." तिचं आताचं बोलणं आधीच्याहून दसपट खरं आहे, छापताना मला घाम फुटला. तानुबाईनं मशीनचं सांगितलं, व्हिडिओचं सांगितलं, आणि पारावर तिची कोणी माफी मागितली नाही हेही लिहायला लावलं. मी लिहिलं.

सगळं जमलं आणि मग एक पान अडलं. जे पान पारावर वाचलं, ज्याच्यामुळे तानुबाई चोर ठरली नाही, तेच. बाया पुन्हा बोलल्या, पण शेषराव कुठून पुन्हा बोलणार? तुझ्या वकिलांच्या हे डोक्यात आलं नसेल.

एक दिवस शंकरराव स्वतः आले. "माह्या बापाचं त्यात नाही म्हनता. काऊन?" मी सांगितलं, ते बोलणं आता प्रकाशकाचं आहे, छापायचं तर त्यांना विचारावं लागेल. माणूस असा संतापला की दारातले जोडे सापडेनात त्याला. "बाप माहा, बोलनं माह्या बापाचं, अन् मी इचारू कोनाले? त्यायनं माहा बाप पाह्यला तरी होता काय?" दोष मला देत होते आणि मी निमूट ऐकत होते, कारण सही माझी होती.

मग ते खाली बसले आणि म्हणाले, "लिहा. मी सांगतो. बाप मलेबी सांगूनच गेला हाय." आणि त्यांनी सांगितलं. पुस्तकातलं नाही, लहानपणी बापामागे शेतात हिंडताना ऐकलेलं. बरंचसं तेच निघालं. शेवटी मात्र एक वाक्य असं आलं जे माझ्या पुस्तकात नाही. "सरवा येचनारीले नाव इचारू नाही."

मी पेन थांबवलं. म्हटलं, शंकरराव, हे मला त्यांनी का नाही सांगितलं? मी तर दोन दिवस त्यांच्याजवळ बसले होते.

ते म्हणाले, "कसं सांगन? तुमी त आल्या आल्या सगळ्यायचे नावं लिहून घेऊन राह्यल्या होत्या."

मी ते वाक्य लिहून घेतलं, अनू. कुलदीपनं व्हिडिओवर नाव टाकलं म्हणून मी गावभर तणतणत हिंडले, तुझ्या अहवालाच्या दारात नाव विचारलं म्हणून तुला वाटेल ते बोलले. म्हाताऱ्यानं ते वाक्य माझ्यापासूनच लपवून ठेवलं होतं. तेव्हापासून राग कोणावर काढावा तेच समजेना, म्हणून तूर्तास सगळ्यांवर ठेवलाय. तुझ्यावरचाही गेलेला नाही.

प्राचार्य अजून माफीचं पत्र मागतात. चौकशी नेमली आहे. बसू देत चौकशीला, मी पण बसते.

पुस्तिका इथल्याच छापखान्यात छापली. पोळ्याच्या दिवशी गावोगाव गेली. पुस्तकात जिथं 'सर्व हक्क राखीव' असतं, तिथं आम्ही शेषरावांचं 'नाव इचारू नाही' हे वाक्य घातलंय. सोबत तुझ्यासाठी पाच-सहा प्रती आहेत. एक तुझ्या संचालकांना दे, त्यांना सरवा पद्धत म्हणजे काय ते कळू दे. बाकीच्या संस्थेच्या ग्रंथालयात ठेव. पण तिथली बाई त्यावर शिक्का मारून, नेणाऱ्याचं नाव लिहून घेऊन देणार असेल, तर तिच्या हातात देऊ नकोस. बाहेर पायऱ्यांवर ठेव. जो नेईल त्याला नेऊ दे, आणि कोण नेतं ते पाहायला थांबू नकोस.

पुष्पा